पहाटे साडेपाचला विमान, दुपारी तीनला खोली: मधल्या वेळेचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून मुलगा आणि सून त्यांना घेऊन परदेशातल्या एका महानगरात तीन रात्री पंचतारांकित हॉटेलात राहणार आहेत. एवढ्या भारी हॉटेलात सगळेच पहिल्यांदा. दोन खोल्या ट्रॅव्हल वेबसाइटवरून घेतल्या आहेत. विमान पहाटे साडेपाचला उतरतं, चेक-इन दुपारी तीनला, परतीचं विमान रात्री अकराचं. हॉटेलची गाडी टॅक्सीच्या जवळजवळ चौपट पैसे सांगते आहे. ती घ्यावी का, आणि सकाळचे ते तास काढायचे कुठे?

गाडीचं नंतर बोलू. आधी तुमच्या बुकिंगवरची तारीख बघा.

मी हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसात बावीस वर्षं काढली, त्यातली सहा रात्रपाळीची ड्यूटी मॅनेजर म्हणून. मध्यरात्रीनंतर काउंटरवर जी भांडणं होतात, ती बरीचशी तारखेवरून होतात. हॉटेलची तारीख घड्याळात बारा वाजले म्हणून बदलत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास नाइट ऑडिट होतं. दिवसभराचा हिशेब मिटवला जातो, भरलेल्या खोल्यांवर त्या रात्रीचं भाडं चढवलं जातं, जे आलेच नाहीत त्यांच्यापुढे 'नो-शो' लागतं आणि मग सिस्टिममधली तारीख पुढे सरकते. म्हणजे तुमचं विमान बारा तारखेला रात्री एकला उतरत असेल, तर तुम्हाला खोली लागते ती अकरा तारखेची. तिकिटावर बारा छापलेलं असतं, माणूस सरळ बारा टाकतो, आणि रात्री अडीचला दोन झोपलेली पोरं खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभा राहतो. अशा एका कुटुंबाला मी एकदा स्पाच्या विश्रांतीच्या खोलीत झोपवलं होतं, कारण हॉटेल खरंच शेवटच्या खोलीपर्यंत भरलेलं होतं. चूक त्यांचीही नव्हती तशी. बुकिंग करताना कुणी सांगतच नाही हे.

तुमचं साडेपाचचं विमान म्हणजे इमिग्रेशन, सामान, रस्ता धरून तुम्ही सात-साडेसातला हॉटेलात. तोवर ऑडिट झालेलं असतं, त्यामुळे तुमची तारीख चुकलेली नाही. अडचण वेगळी आहे. त्या वेळी आदल्या रात्रीचे पाहुणे अजून झोपलेले असतात.

तीनची वेळ कुठून येते ते जरा सांगते, कारण हे कळलं की काय मागायचं ते आपोआप कळतं. पाहुणे निघतात अकरा-बारापर्यंत. निघालेल्या पाहुण्याची एक खोली नीट तयार करायला हाउसकीपिंगच्या एका माणसाला अर्धा ते पाऊण तास लागतो, मोठ्या खोलीला जास्त. त्यानंतर सुपरवायझर येऊन बघतो: आरशावर डाग नाही ना, तिजोरी उघडी आणि रिकामी आहे ना, बाथरूममध्ये केस नाही ना. त्यानं हिरवा कंदील दिला की मगच ती खोली काउंटरवरच्या स्क्रीनवर देण्याजोगी दिसते. शेकडो खोल्यांचं हे चक्र बारा ते तीन या वेळात फिरतं. तेव्हा 'चेक-इन तीन वाजता' याचा अर्थ तीनच्या आधी मिळणार नाही असा नाही. तीनपर्यंत नक्की देऊ, एवढाच आहे. आदल्या रात्री काही खोल्या रिकाम्या राहिल्या असतील, तर त्या सकाळी सातलाही स्वच्छ, तयार असतात. त्या कुणाला द्यायच्या हे पहाटेच्या पाळीवरचा माणूस त्या दिवशी येणाऱ्यांची यादी पुढ्यात घेऊन ठरवतो. ज्यांच्या नावापुढे विमानाचा नंबर आणि वेळ लिहिलेली असते, त्यांना तो पेन्सिलीनं आधी खोल्या लावतो. ज्यांच्या नावापुढे काहीच नसतं, ते तीनला येतील असं धरलं जातं. काउंटरवर आवाज चढवल्यानं न झालेली खोली तयार होत नाही. तीन दिवस आधी आलेल्या दोन ओळींच्या मेलनं मात्र पुष्कळदा होते.

तर तो मेल हॉटेललाच पाठवा. वेबसाइटच्या 'विशेष विनंती'च्या चौकटीत लिहिलेलं काउंटरपर्यंत पोचतंच असं नाही. मजकूर लांबलचक नको. बुकिंग नंबर, विमानाचा नंबर, 'साधारण साडेसातला हॉटेलात पोचतो, बरोबर वयस्कर आईवडील आहेत, एक तरी खोली लवकर मिळाली तर फार बरं होईल. दोन्ही खोल्या शेजारी, लिफ्टला अगदी चिकटून नकोत. आईवडिलांच्या खोलीत टबऐवजी उभ्यानं अंघोळ करता येईल असा शॉवर हवा. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत.' बस. शेवटचं वाक्य लाजून गाळू नका. फुकट काही मिळवण्यासाठी नव्हे, पण हॉटेलातल्या माणसांना आदल्या दिवशी हे माहीत असलं तर त्यांच्या हातात करण्यासारखं बरंच काही असतं. चेक-इनच्या वेळी कळलं तर उपयोग नसतो.

शॉवरचं मुद्दाम लिहिलं. महागड्या खोल्यांमध्ये कित्येकदा टबातच शॉवर असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या टबाच्या काठावरून ओला पाय बाहेर टाकणं हे दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम ठरतं, तेही खाली संगमरवर असताना. वेगळा शॉवर असलेल्या खोल्या बहुतेक हॉटेलांत असतात, पण मागितल्याशिवाय त्या नेमक्या तुमच्या आईबाबांच्या वाट्याला येतील कशा? आणखी एक, 'शेजारच्या' खोल्या आणि आतून दार असलेल्या 'कनेक्टिंग' खोल्या या वेगळ्या गोष्टी आहेत. आतून ये-जा हवी असेल तर 'कनेक्टिंग' हाच शब्द वापरा. नको असेल तर तेही कळवा, कारण त्या आतल्या दारातून पलीकडचा टीव्ही ऐकू येतो. खोलीच्या नावावर मात्र जाऊ नका. 'डीलक्स' हा पुष्कळ ठिकाणी सगळ्यात खालचा प्रकार असतो. चौरस मीटर बघा, आकडा खोटं बोलत नाही.

मेल पाठवूनही सातला खोली मिळेलच अशी हमी कुणी देणार नाही. हमी हवी असेल तर आदल्या रात्रीचे पैसे भरायचे, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. इथे माझा सल्ला असा आहे: दोन्ही खोल्या आदल्या रात्रीपासून घेऊ नका, एकच घ्या. रात्रभराच्या प्रवासानंतर चौघांच्या अंघोळी त्या एका खोलीत होतात, आईबाबा पडदे ओढून चार तास झोपतात, तुम्ही दोघं खाली नाश्ता करून बाहेर पाय मोकळे करून येता, तोवर दुसरी खोली उघडते. पण आदल्या रात्रीची खोली घेतलीत तर 'आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला येणार आहोत, नो-शो करू नये' हे शब्द लिहून कळवा आणि 'नोंद केली' असं उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. नाहीतर रात्री ऑडिटला तुम्ही 'न आलेले' ठरता, आणि कित्येक हॉटेलांत पहिल्या रात्रीचा नो-शो म्हणजे पुढच्या रात्रींचं बुकिंगही गेलं. पैसे भरूनही खोली नाही, असा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आता गाडी. हॉटेलची गाडी महाग का असते, तर तिच्या भाड्यात विमानतळाचं पार्किंग, ड्रायव्हरचा थांबण्याचा वेळ, विमान उशिरा आलं तर त्यावर नजर ठेवणारा माणूस, बाहेर पाटी धरून उभा राहणारा माणूस आणि हॉटेलचा नफा, एवढं सगळं असतं. गाडी बहुधा हॉटेलची नसतेच. बाहेरच्या कंत्राटदाराची असते, वर हॉटेल आपला वाटा चढवतं. मी स्वतः ते दर पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगितले आहेत, त्यामुळे नफा किती असतो ते मला ठाऊक आहे. तरी काही वेळा ती गाडी घ्यावीच: उतरायची वेळ मध्यरात्रीची, लिपी वाचता येत नाही, टॅक्सीवाल्यांची ख्याती वाईट, किंवा बरोबर चालायला त्रास होणारं कुणी. तुमच्या बाबतीत पहाटे साडेपाचला रस्ते रिकामे असतात, टॅक्सीची रांग छोटी असते आणि उजाडत आलेलं असतं. विमानतळावर अधिकृत टॅक्सीची रांग असेल, मीटर किंवा ठरलेलं भाडं असेल, तर मी टॅक्सीच घेतली असती आणि वाचलेले पैसे त्या आदल्या रात्रीच्या खोलीकडे वळवले असते. चाळीस मिनिटं मऊ गाडीत बसण्यापेक्षा चार तास आडवं व्हायला मिळणं आईबाबांना जास्त सुखाचं आहे.

काही शहरांनी या टॅक्सीचा प्रश्न मिटवूनच टाकला आहे. पॅरिसमध्ये २०१६ पासून विमानतळ ते शहर असं ठरलेलं भाडं आहे, ते कुठल्या विमानतळावरून निघता आणि सीन नदीच्या कुठल्या काठावर जायचं त्यावर बदलतं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून मॅनहॅटनला पिवळ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, टोल आणि अधिभार वेगळे. तुमच्या शहरात अशी सोय आहे का, ते विमानतळाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

एक गोष्ट मात्र गाडी ठरवण्याआधी मोजा: चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या सेडानमध्ये मावत नाहीत. डिकीत दोन मोठ्या बॅगा जातात, फार तर वर एक छोटी. हॉटेलनं सांगितलेला दर सेडानचा असेल तर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट पैसे धरा, कारण दुसरी गाडी लागणारच. हाच हिशेब टॅक्सीलाही लागू आहे. रांगेत उभं राहिल्यावर तिथल्या माणसाला सरळ मोठी गाडी मागा.

विमानतळाची झुकझुक गाडी स्वस्त आणि जलद वाटते. एकट्या माणसाला, एका बॅगेला ती उत्तमच. पण गाडी स्टेशनाला जाते, हॉटेलला नाही. शांघायची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी गाडी, ३० किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापते आणि तुम्हाला लाँगयांग रोड स्टेशनवर सोडते. तिथून मुख्य शहरात जायला पुन्हा मेट्रो किंवा टॅक्सी आहेच. लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून पॅडिंग्टन स्टेशनला जलद गाडीनं १५ मिनिटं लागतात, पण तुमचं हॉटेल पॅडिंग्टनला नसेल तर सकाळच्या गर्दीत चार बॅगा घेऊन जिने आले. चौघांची चार तिकिटं आणि पुढची टॅक्सी धरली तर सगळा प्रवास टॅक्सीनं करण्याच्या जवळपास जातो. बसकडे मात्र लोक उगाच नाक मुरडतात. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या लिमोझिन बस नावाच्या साध्या आरामबसा मोठमोठ्या हॉटेलांच्या दाराशी थांबतात, सामान खाली डिकीत टोकन लावून जातं. तुमच्या शहरात अशी बस असेल, तर टॅक्सीच्याही आधी तिचा विचार करा.

हॉटेलची गाडी घेतलीतच, तर आदल्या दिवशी ड्रायव्हरचं नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर लेखी मागवा. बाहेर पडल्यावर 'हॉटेलनंच पाठवलंय' म्हणत येणाऱ्याला आपलं नाव सांगू नका, त्याला सांगायला लावा. खऱ्या ड्रायव्हरला तुमचं नाव आणि विमान दोन्ही माहीत असतं. तोतया विचारतो, 'कुठलं हॉटेल?'

टॅक्सीनं जाणार असाल तर पत्ता तिथल्या लिपीत छापून बरोबर ठेवा, हॉटेलचा फोन नंबरही. मोठ्या साखळीची एकाच शहरात तीन-चार हॉटेलं असतात आणि त्यांची नावं एकाच शब्दानं वेगळी असतात. विमानतळाजवळचं, नदीकाठचं, व्यापारी भागातलं. महिन्यातून एखादा तरी पाहुणा पूर्ण आत्मविश्वासानं आमच्या काउंटरवर यायचा आणि त्याची खोली निघायची शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही त्याला पाणी द्यायचो आणि पुन्हा टॅक्सीत बसवायचो.

पोचल्यावर काउंटरवर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, आणि एक कार्ड. 'आम्ही तर वेबसाइटवर पैसे भरलेत' म्हणून इथे वाद होतो. ते कार्ड खाण्यापिण्याच्या आणि इतर खर्चाच्या हमीसाठी असतं. त्यावर दर रात्रीमागे काही रक्कम अडकवून ठेवतात. ती कापत नाहीत, फक्त तुम्हाला वापरता येत नाही. क्रेडिट कार्ड दिलंत तर मर्यादा तेवढी कमी होते. डेबिट कार्ड किंवा प्रवासाचं प्रीपेड कार्ड दिलंत तर तुमचे हातातले पैसे अडकतात, आणि हॉटेलनं सोडले तरी बँकेकडून परत दिसायला कित्येक दिवस जातात. सगळा प्रवासखर्च एका प्रीपेड कार्डावर ठेवून तेच काउंटरवर देणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर धावत खाली यायचे. तेव्हा क्रेडिट कार्ड द्या, आणि अडकवणार ती रक्कम आकड्यात विचारा. निघताना मशीन विचारेल, तुमच्या देशाच्या चलनात घ्यायचं की इथल्या? इथल्याच चलनात घ्या. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर मशीन ठरवतं आणि तो तुमच्या बाजूचा नसतो.

वेबसाइटवरून बुकिंग केलं म्हणून हॉटेल दुय्यम वागणूक देतं का? तोंडावर नाही. पण अशा बुकिंगवर हॉटेल वेबसाइटला साधारण पंधरा-वीस टक्के कमिशन देतं, आणि साखळीच्या सदस्यत्वाचे गुण किंवा फुकटचा अपग्रेड बहुधा थेट बुकिंगवाल्याकडे जातो. त्यापेक्षा गंभीर गोष्ट ओव्हरबुकिंगची आहे. काही जण येत नाहीत हे धरून हॉटेलं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात. एखाद्या रात्री सगळेच आले, तर कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं, आमच्या भाषेत 'वॉक' करावं लागतं. निवड होते ती बहुधा सगळ्यात उशिरा पोचणाऱ्याची, एकाच रात्रीसाठी आलेल्याची, ज्याच्याकडून आधी काही कळलेलं नाही त्याची. तुम्ही सकाळी येताय, तीन रात्री आहात, दोन खोल्या आहेत आणि मेल गेलेला आहे, त्यामुळे तुम्हाला धोका जवळजवळ नाही. कुणावर आलीच ती वेळ, तर दुसऱ्या तशाच दर्जाच्या हॉटेलातली रात्र आणि तिथवरची गाडी हॉटेलनं द्यायची असते. शांतपणे तेवढं मागावं.

आदल्या रात्रीची खोली नाहीच घेतली, आणि सातला एकही खोली नसली तर? सामान बेल डेस्कवर, म्हणजे बॅगा सांभाळणाऱ्या काउंटरवर द्या, पावती घ्या, पण बॅगा विमानतळावरच अशा लावा की औषधं आणि एक कपड्यांचा जोड वरच्या छोट्या पिशवीत असेल. मग विचारा, 'जिमजवळच्या शॉवररूममध्ये अंघोळ करता येईल का?' बहुतेक मोठ्या हॉटेलांत येते, टॉवेल तिथेच असतात. हे कुणी आपणहून सुचवत नाही. मोबाइल नंबर काउंटरवर ठेवा, खोली झाली की फोन येतो.

तिथेच जवळपास कन्सिअर्जचं, म्हणजे पाहुण्यांना शहराची माहिती देणाऱ्या आणि बाहेरची कामं जमवून देणाऱ्या माणसाचं टेबल असेल. कोटाच्या कॉलरवर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो 'ले क्लेफ दोर' या संघटनेचा सदस्य असतो. पॅरिसच्या हॉटेलांतल्या कन्सिअर्जनी १९२९ साली सुरू केलेली ही संघटना आहे आणि त्या किल्ल्या सहजासहजी मिळत नाहीत. या माणसाचा पगार तुमच्या भाड्यात आलेला आहे. पण त्याला 'काय बघावं?' असं मोघम विचारू नका, तो तुम्हाला यादी देईल. 'आईला वीस मिनिटांहून जास्त चालवत नाही, बाबांना जुन्या इमारती आवडतात, दुपारी दोनला परत यायचंय' असं सांगा, मग बघा तो कसा कामाला लागतो.

खोलीतला मिनीबार बाबांच्या इन्सुलिनसाठी वगैरे वापरू नका. काही ठिकाणी त्यात सेन्सर असतात, बाटली उचलून बाजूला ठेवली तरी बिलावर चढते. शिवाय आवाज होऊ नये म्हणून बिनकॉम्प्रेसरचे बसवलेले असतात, ते फारसे थंडही करत नाहीत. औषधांसाठी वेगळा फ्रिज मागितला की मिळतो.

शेवटचा दिवस. रात्री अकराच्या विमानासाठी तुम्ही सात-साडेसातला निघाल, खोली बाराला सोडायची. उशिरा सोडायची परवानगी आदल्या संध्याकाळी मागा, कारण उद्या किती खोल्या लागणार हे तेव्हाच काउंटरला स्पष्ट दिसत असतं. सकाळी मागितलंत तर ती खोली कुणाच्या तरी नावावर लागलेली असते. इथेही एकाच खोलीची चारपर्यंत मागणी करा, दोन्हींची नको. बिल आदल्या रात्रीच मागवून वाचा, सकाळी रांगेत उभं राहून ते नीट वाचलं जात नाही. आणि जाताना हॉटेलची गाडी नकोच. दरवाजावरचा माणूस हात वर करून टॅक्सी बोलावतो, मोठी हवी म्हणालात तर मोठी. फक्त संध्याकाळच्या गर्दीत विमानतळाला किती वेळ लागतो हे त्यालाच विचारा. मोबाइलवरच्या नकाशात दुपारी बघितलेला आकडा दुपारचा असतो.